आकृतीचा ताळा

१/
मराठी शाळेत गुणाकार शिकवताना गुरुजी शेवटी एक शब्द हमखास उच्चारत: ताळा. उत्तर काढले, आता ताळा करून पाहा. ताळमेळ आणि ताळेबंद हे त्याच गोतावळ्यातले शब्द. ताळा हा शब्द आपल्याकडे हिशेबासाठी आहे, चित्रासाठी नाही. चित्र चांगले असते किंवा वाईट असते, ते ‘चुकीचे’ कसे ठरवायचे? गेल्या पाऊणशे वर्षांत संगणकशास्त्रातल्या काही लोकांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला. आकृतीचाही ताळा करता यावा म्हणून त्यांनी नियम लिहिले, आणि पुढे त्या नियमांचाच ताळा करण्याची वेळ आली. आजचा धागा त्या इतिहासाचा. उदाहरण तासगावच्या बेदाण्याचे घेतले आहे, आणि वाटेत पुण्याचे हडपसरही लागेल.

२/
प्रथम ताळ्याविषयी थोडे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे. १२४ गुणिले ३२ बरोबर ३९६८. नवाचा ताळा असा: १२४ च्या अंकांची बेरीज ७, ३२ ची ५, सात पाचे पस्तीस, तीन आणि पाच आठ. इकडे ३, ९, ६, ८ यांची बेरीज २६, म्हणजे आठ. ताळा जुळला. आता कोणी घाईत ३९६८ ऐवजी ३६९८ लिहिले तर? अंक तेच, बेरीज तीच, ताळा तोच. म्हणजे ताळा चुकला तर उत्तर निश्चित चुकीचे, पण ताळा जुळला म्हणून उत्तर बरोबरच असे नव्हे. जुन्या हिशेबनिसांना हे ठाऊक होते. आकृत्यांचे नियम करणाऱ्यांना ते नव्याने शिकावे लागले.

३/
सॉफ्टवेअर बांधण्यापूर्वी त्याचा आराखडा काढतात. चौकटी आणि रेषा, दुसरे काही नाही. समजा, तासगावच्या बाजार समितीतल्या बेदाणा सौद्यांसाठी प्रणाली करावयाची आहे. एक चौकट शेतकऱ्याची, एक अडत्याची, एक शीतगृहाची, एक लॉटची, एक सौद्याची, एक व्यापाऱ्याची. शेतकऱ्यापासून लॉटपर्यंत रेषा: हा माल याचा. लॉटपासून सौद्यापर्यंत रेषा: हा माल या बोलीत गेला. रेषेच्या टोकाला आकडे लिहिता येतात. एका लॉटला शेतकरी नेमका एक, एका शेतकऱ्याचे लॉट कितीही. भिंतीवर लावले की आकृती सुरेख दिसते आणि बैठकीतले सगळे मान डोलावतात.

४/
अडचण मान डोलावण्यापासूनच सुरू होते. एका साध्या बाणाचे पाहा. तास-ए-गणेश हे द्राक्षाचे वाण तासगाव भागातल्या शेतकऱ्याने थॉमसन सीडलेसमधून निवडून काढले. आकृतीत ‘तास-ए-गणेश’पासून ‘थॉमसन सीडलेस’कडे बाण काढला, तर त्याचा अर्थ काय? हे वाण त्या वाणापासून निघाले? की हे त्याचा एक प्रकार आहे, आणि म्हणून थॉमसनला लागू असणारा प्रत्येक नियम यालाही लागू? की एकाच्या नोंदीत दुसऱ्याची नोंद सामावली आहे? बागायतदार पहिला अर्थ घेईल, प्रोग्रॅमर दुसरा. दोघेही आकृती ‘समजली’ म्हणून उठतील. चूक सापडेल ती सहा महिन्यांनी, कुणाच्या तरी पट्टीतल्या दरात.

५/
संगणकाच्या जन्मापासून आकृती त्याच्या सोबत आहे. १९४७-४८ मध्ये प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी प्रोग्रॅम कसा रचावा यावर अहवाल लिहिले. त्यांत प्रवाहाकृती आल्या. पुढे सगळ्या जगाने त्यांतल्या चौकटी आणि बाण उचलले. एक गोष्ट मात्र बहुतेकांनी वाटेतच टाकून दिली. त्या आकृत्यांत ‘विधानाच्या चौकटी’ होत्या. त्या चौकटीत कोणतीही कृती नसे. येथे पोहोचल्यावर अमुक गोष्ट सत्य असली पाहिजे, एवढेच तीत लिहिलेले असे. आकृतीच्या पोटातच ताळ्याची जागा राखून ठेवलेली होती.

६/
दोनच वर्षांनी, २४ जून १९४९ रोजी, केंब्रिजच्या परिषदेत अॅलन ट्युरिंग यांनी एक छोटासा निबंध वाचला. विषय: मोठा प्रोग्रॅम तपासायचा कसा. त्यांनी दिलेला दृष्टान्त आपल्या कोणत्याही तलाठ्याला पटावा असा आहे. लांबलचक बेरजेखाली नुसती एकूण रक्कम लिहिली तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज एका बैठकीत पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक स्तंभाचे हातचे लिहून ठेवले, तर एकेक स्तंभ सुटा तपासता येतो. प्रोग्रॅमचेही तसेच करा, ठिकठिकाणी हातचे, म्हणजे विधाने, लिहून ठेवा. मग तपासणी लहान तुकड्यांत वाटली जाईल. गुणाकाराची सोय नसलेल्या यंत्रावर क्रमगुणित काढण्याची प्रवाहाकृती घेऊन त्यांनी हे करून दाखवले, आणि प्रोग्रॅम केव्हातरी थांबतोच हेही सिद्ध केले.

७/
नियतीचा खेळ असा की, तपासणीविषयीचा हा निबंध परिषदेच्या इतिवृत्तात मुद्रणाच्या अनेक चुकांसह छापला गेला. पुढची कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९८४ मध्ये मॉरिस आणि जोन्स यांनी तो दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केला. तोवर तीच कल्पना रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये स्वतंत्रपणे पूर्ण रूपाने मांडलेली होती: प्रवाहाकृतीच्या प्रत्येक बाणावर एक विधान लिहा आणि प्रत्येक चौकट मागच्या विधानातून पुढचे विधान घडवते हे सिद्ध करा. १९६९ मध्ये टोनी होअर यांनी ती आकृतीतून काढून सूत्रांत आणली. त्यानंतर सिद्धतेचे शास्त्र सूत्रांच्या घरी नांदू लागले, आणि आकृती कचेऱ्यांत राहिली. दोघांची ही ताटातूट तीस वर्षांची.

८/
कचेऱ्यांत आकृत्यांचे पीक मात्र जोरात आले. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे संबंध दाखवणारी आकृती मांडली, तिच्यावर आजही माहितीसाठे उभे राहतात. १९८३ मध्ये इस्रायलच्या विमान उद्योगात सल्लागार असलेल्या डेव्हिड हॅरेल यांनी अवस्थाकृती रचली. यंत्र आत्ता कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या घटनेने कोठे जाते, हे ती दाखवते. कल्पना इतकी उपयुक्त की जो तो वापरू लागला, आणि ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. १९९४ मध्ये मिशाएल फॉन डर बीक यांनी मोजदाद केली तेव्हा अवस्थाकृतीचे वीसहून अधिक प्रकार हाती आले. चित्र एक, पण एकाच वेळी दोन घटना घडल्या तर काय होते, याची उत्तरे निरनिराळी. विमानाच्या यंत्रणेत हा फरक किती महागात पडेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

९/
१९९० च्या दशकाच्या आरंभी वस्तुनिष्ठ आराखड्यांच्या पद्धती इतक्या झाल्या की त्या काळाला ‘पद्धतींची युद्धे’ असे नाव पडले. कोणी वर्ग ढगाच्या आकारात काढी, कोणी आयतात. ग्रेडी बूच हे रॅशनल कंपनीत होते. १९९४ मध्ये जेम्स रम्बॉ त्यांना येऊन मिळाले, १९९५ मध्ये इव्हार याकोब्सन. तिघांनी मिळून एकच चित्रभाषा सिद्ध केली: यूएमएल. नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या उद्योगसंघाने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. युद्धे संपली आणि सर्वत्र आयत आले. परंतु आयताचा आकार ठरला म्हणून आयताचा अर्थ ठरला असे होत नाही, आणि आपल्या कथेचा खरा भाग येथूनच सुरू होतो.

१०/
त्याच प्रमाणग्रंथात एक लहानशी पुरवणी होती. नाव ओसीएल, म्हणजे निर्बंध लिहिण्याची भाषा. १९९५ च्या सुमारास आयबीएममध्ये योस वार्मर यांनी तिचा पाया घातला. तिची आई सिन्ट्रॉपी नावाची पद्धत. स्टीव्ह कुक आणि जॉन डॅनियल्स यांनी ती १९९४ मध्ये ग्रंथरूपाने मांडली होती. सिन्ट्रॉपीवर ऑक्सफर्डच्या ‘झेड’ या गणिती लेखनपद्धतीची छाया होती. झेडमध्ये सगळे अचूक लिहिता येई, पण तिची चिन्हे पाहून कारखान्यातला अभियंता दचके. ओसीएलने चिन्हे काढून साधे शब्द घातले. गणित तेच राहिले, पोशाख कचेरीचा झाला. मला स्वतःला यूएमएलच्या सगळ्या कथेत ही पुरवणीच सर्वांत मोलाची वाटते.

११/
ती हवी कशाला? पुन्हा तासगावला येऊ. आकृतीत अडत्याही एक व्यक्ती आणि व्यापारीही एक व्यक्ती. समजा, नियम असा ठेवला की ज्याच्या अडतीवर माल आला त्यानेच तो स्वतःच्या नावाने घेऊ नये. हा नियम रेषेने काढून दाखवा! दाखवता येत नाही. दोन रेषा दोन चौकटींकडे जातात, त्या चौकटींमागे एकच माणूस उभा असू नये हे सांगण्यासाठी कोणताही बाण नाही. शेजारी चिठ्ठी चिकटवून मराठीत वाक्य लिहिता येईल, पण यंत्राला ते वाचता येत नाही आणि वकील त्याचे दोन अर्थ काढतो. ओसीएलच्या ढंगात लिहिले तर असे:
संदर्भ सौदा, अट: स्वतः.व्यापारी <> स्वतः.लॉट.अडत्या
एवढ्या एका ओळीला एकच अर्थ आहे.

१२/
दुसरा नियम वजनाचा. एका लॉटमधून जितके विकले, ते जितके आले त्याहून अधिक असू नये.
संदर्भ लॉट, अट: स्वतः.सौदे.वजन->बेरीज() <= स्वतः.आवक
दिसायला निर्दोष. पण ज्यांनी बेदाण्याचे सौदे पाहिले आहेत त्यांना यात काय राहून गेले ते लगेच कळेल. सौद्याच्या वेळी पेट्या फोडून माल दाखवतात. मूठभर उचलायचा, पाहायचा आणि टाकायचा, या उधळणीविरुद्ध तासगाव-सांगलीच्या शेतकऱ्यांनी वेळोवेळी आवाज उठवलेला आहे. वरच्या नियमात त्या सांडलेल्या बेदाण्याला जागाच नाही. शंभर किलो आले, अठ्ठ्याण्णव विकले, अट पाळली गेली, आकृती ‘बरोबर’. दोन किलो कोणाचे गेले हे आकृती विचारतच नाही.

१३/
म्हणून नियम घट्ट करावा लागतो: आवक बरोबर विक्री अधिक शिल्लक अधिक तूट. हे समीकरण लिहायला बसताच ‘तूट’ नावाचे घर आकृतीत घालावे लागते. घर घातले की ते भरणारा कोण आणि मान्य करणारा कोण, हे प्रश्न येतात. औपचारिक नियमांचा खरा लाभ तपासणीइतकाच या ठिकाणी आहे असे मी मानतो. ‘पेक्षा अधिक नसावे’ येथून ‘बरोबर असावे’ येथपर्यंत आले की लपवायला जागा उरत नाही. अर्थात त्यामुळे कोणी लपवायचे थांबेल असे नाही. निदान लपवणाऱ्याला खोटा आकडा सहीनिशी लिहावा लागेल.

१४/
एक सापळा जाता जाता. ‘या लॉटच्या सर्व सौद्यांवर शेतकऱ्याची संमती नोंदलेली असावी’ असा नियम केला. ज्या लॉटचा एकही सौदा झालेला नाही, त्याचे काय? तर्कशास्त्राप्रमाणे नियम पाळला गेला, कारण मोडायला सौदाच नाही. रिकाम्या संचाविषयी ‘सर्व’ म्हणून जे म्हणाल ते खरे. तपासणी प्रणाली हिरवी खूण दाखवते आणि अधिकारी समाधानाने पान उलटतो. नोंदच झालेली नाही आणि नोंद निर्दोष आहे, यांतला भेद ज्याला कळत नाही त्याच्या हाती असे नियम देऊ नयेत.

१५/
आतापर्यंत आपण आपल्या आकृतीचे नियम पाहिले. त्याच्या वर आणखी एक मजला आहे. खुद्द यूएमएल या भाषेचे व्याकरण कोणते? कोणती आकृती मुळात आकृती म्हणून ग्राह्य? १९९७ च्या प्रमाणग्रंथाने येथे धाडस केले. यूएमएलचे व्याकरण यूएमएलच्याच आकृत्यांत काढले आणि त्याला सुघटिततेचे नियम जोडले, तेही ओसीएलमध्ये. इतिहासाच्या वाचकांसाठी त्यांतला एक नियम वंशावळीच्या भाषेत सांगतो: कोणीही स्वतःचा पूर्वज असू नये. ‘हा त्याचा प्रकार’ असे बाण काढत गेल्यावर फिरून पहिल्याच चौकटीशी आलात, तर आकृती रद्द. दुसरा नियम: जो भाग एखाद्या वस्तूचा संपूर्णपणे घटक आहे, तो एकाच वेळी दोन मालकांचा असू शकत नाही. वंशावळ आणि वाटणी, दोन्ही आपल्या ओळखीची प्रकरणे.

१६/
आणि येथे गोष्ट उलटते. जर्मनीतल्या ब्रेमेन विद्यापीठात मार्टिन गोगोला आणि मार्क रिश्टर्स यांनी ओसीएलला काटेकोर गणिती अर्थ दिला आणि ‘यूज’ नावाचे साधन बांधले. त्यात आकृती भरायची, नियम भरायचे आणि यंत्राला ताळा करायला सांगायचे. २००० च्या सुमारास त्यांनी खुद्द यूएमएलचेच सुघटिततेचे नियम त्यात घातले. अनेक नियम चुकीचे निघाले. काहींचे लेखन अशुद्ध, काहींत अस्तित्वात नसलेल्या गुणधर्माचा उल्लेख, काही ठिकाणी संचाची तुलना एका वस्तूशी. सगळ्या जगाला अचूकपणा शिकवणाऱ्या प्रमाणग्रंथाचा स्वतःचा ताळा जुळत नव्हता.

१७/
प्रमाणग्रंथाची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा २००४ मध्ये ब्रेमेनच्याच गटाने ती तपासली. पुन्हा चुकांची रास. २०११ मध्ये ड्रेस्डेनच्या क्लास विल्के आणि बिर्गिट डेमुथ यांनी २.३ ही आवृत्ती तपासली, आणि त्यांच्या निबंधाचे शीर्षकच ‘यूएमएल अजूनही विसंगतच आहे!’ अशा अर्थाचे होते. उद्गारचिन्हासह. विद्वानांच्या परिषदेत उद्गारचिन्ह क्वचितच दिसते, त्या अर्थी त्यांचा संयम सुटला असावा.

१८/
असे का व्हावे? लिहिणारे अडाणी नव्हते. कारण साधे आहे: ते नियम वाचण्यासाठी लिहिले गेले, चालवण्यासाठी नव्हे. समितीने ते वाक्यांसारखे वाचले, आशय पटला, पुढचे पान. दिसायला सूत्र, वापर मात्र सुभाषिताचा. जो नियम कोणत्याही यंत्राने एकदाही चालवलेला नाही, त्याची अचूकता त्याच्या पोशाखापुरती. अमेरिकेत एमआयटीच्या डॅनियल जॅक्सन यांनी याच अनुभवातून उलटी वाट धरली. त्यांची ‘अलॉय’ ही भाषा लहान ठेवलेली आहे. नियम लिहिला की यंत्र लगेच प्रतिउदाहरण शोधते: तीन शेतकरी, तीन लॉट, तीन सौदे एवढ्या इवल्या जगात तुमचा नियम मोडतो का पाहा. बहुतेक चुका इवल्या जगातही उघड्या पडतात, हा त्यांचा आडाखा.

१९/
आता पुण्याकडे. १९८१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने पुण्यात टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्र उभे राहिले. इंग्रजी आद्याक्षरांनी टीआरडीडीसी. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत त्याची इमारत. भारतीय कंपन्या तेव्हा परदेशी गिऱ्हाइकांसाठी माणसे पुरवत होत्या. अशा काळात सॉफ्टवेअर ‘लिहिण्याऐवजी’ ‘घडवता’ येईल काय, यावर येथे संशोधन चालू झाले. केशव नोरी येथे आले. १९७० च्या दशकात झ्युरिकमध्ये पास्कल भाषेचा जो सुवाह्य कंपायलर घडला, त्याच्या कर्त्यांत त्यांचे नाव आहे. १९९० च्या दशकाअखेरीस मथाई जोसेफ केंद्राच्या प्रमुखपदी आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर वॉरिक विद्यापीठात त्यांनी प्रोग्रॅमच्या औपचारिक सिद्धतेचेच काम केलेले होते.

२०/
या केंद्रात घडलेले साधन म्हणजे मास्टरक्राफ्ट. कल्पना अशी: बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या प्रणालीचे प्रतिमान आकृतींत काढा, ते यंत्राकडून तपासून घ्या आणि त्यातूनच प्रत्यक्ष प्रोग्रॅमचा बराचसा भाग आपोआप निर्माण करा. येथे आकृतीची अचूकता हा विद्वत्तेचा विषय राहत नाही. भिंतीवरची आकृती चुकली तर कोणी तरी हसून दुरुस्त करतो. ज्या आकृतीतून लाखो ओळींचा प्रोग्रॅम जन्माला येणार आहे, तिची चूक प्रत्येक ओळीत उतरते. साचा वाकडा तर प्रत्येक वीट वाकडी. विनय कुलकर्णी आणि श्रीधर रेड्डी यांनी या अनुभवावर २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअर नियतकालिकात लिहिले. त्याच सुमारास उल्का श्रोत्री, पुरंदर भादुरी आणि आर. वेंकटेश हे गरजांच्या आकृत्यांना गणिती अर्थ देऊन यंत्राकडून तपासून घेण्यावर काम करत होते.

२१/
२००२ मध्ये ओएमजीने नवे आवाहन केले: एका प्रतिमानातून दुसरे प्रतिमान घडवण्याचे नियम लिहिता येतील अशी प्रमाण भाषा द्या. तिचे नाव क्यूव्हीटी. ‘क्यूव्हीटी-पार्टनर्स’ या गटाने जो मसुदा सादर केला त्यात इंग्लंडमधल्या संस्थांबरोबर टीसीएस होती, म्हणजेच हडपसरची मंडळी. २००५ मध्ये भाषा स्वीकारली गेली. तिचा पाया ओसीएलच. ज्या वर्षांत आपल्या वृत्तपत्रांना ‘आयटी’ म्हणजे कॉल सेंटर आणि व्हिसा एवढेच दिसत होते, त्या वर्षांत जागतिक प्रमाणग्रंथाच्या एका प्रकरणावर पुण्यात खल चालला होता. आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात ही नोंद सहसा आढळत नाही, म्हणून येथे मुद्दाम विस्ताराने दिली.

२२/
पुढे यूएमएलचा बहर ओसरला. झटपट लिहा, झटपट बदला, हा संप्रदाय आला आणि जाडजूड आराखडे मागे पडले. ओसीएल वापरणारे तर कधीच फार नव्हते. २०१५ च्या २.५ आवृत्तीत यूएमएलचा ग्रंथ नव्याने सुटसुटीत मांडला गेला आणि नियमांची बरीच साफसफाई झाली, तोवर पुष्कळ वाचक निघून गेलेले होते. जेथे चूक जिवावर बेतते तेथे, म्हणजे रेल्वे, विमान, मोटारीतले ब्रेक यांच्या कामात, औपचारिक नियम आजही ठाण मांडून आहेत. बाकी ठिकाणी त्यांची गरज संपली काय? मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण तासगावच्याच चावडीत सापडते.

२३/
तासगाव हे पटवर्धनांचे संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले आणि तालुका म्हणून सातारा जिल्ह्यात आले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली. जिल्हा बदलला, पण गावची दफ्तरे त्याच साच्यात राहिली. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि पुढे अँडरसन यांच्या महसुली हिशेबांच्या पुस्तिकेने गाव नमुने बांधून दिले. नमुना एक ते एकवीस. यांना कोणी ‘प्रतिमान’ म्हटले नाही, पण ते दुसरे काय आहे? नमुना सहा फेरफारांचा, सात हक्कांचा, आठ-अ खात्यांचा, बारा पिकांचा. एका नमुन्यातला आकडा दुसऱ्यात उतरतो आणि वर्षाअखेर जमाबंदीत मेळ पाहिला जातो. सातवरच्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी असली पाहिजे. हा शुद्ध निर्बंध आहे, फक्त त्याची अंमलबजावणी तलाठ्याच्या डोळ्यांवर सोपवलेली होती.

२४/
ती कितपत होत होती हे संगणक आल्यावर कळले. हस्तलिखित सात-बारा यंत्रात भरून ई-फेरफार चालू करताना नियम प्रथमच सर्व गावांवर एकसारखा चालवला गेला. जेथे बेरीज आणि एकूण क्षेत्र जुळत नाही असे सात-बारे वेगळे काढणारे अहवाल निघाले आणि राज्यभर तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार त्यांच्या दुरुस्तीला बसले. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १५५ हाताशी होते. काही चुका टंकलेखनाच्या. काही मात्र मूळ कागदातच मुरलेल्या: वाटणी झाली, हिश्श्यांची बेरीज कोणी केलीच नाही, दोन गुंठे कोठे गेले ते कोणाला ठाऊक नाही. द्राक्षबागेवर कर्ज काढणाऱ्या माणसासाठी ते दोन गुंठे म्हणजे बँकेतून परत आलेला अर्ज.

२५/
पण बेरीज जुळणे ही नवाच्या ताळ्याचीच गोष्ट. दोन भावांची क्षेत्रे एकमेकांच्या नावासमोर पडली तर बेरीज बिनचूक जुळते, ३९६८ आणि ३६९८ यांचा ताळा जुळावा तशी. बहिणीचे नावच उतरले नाही आणि तिचा हिस्सा भावात मिसळला, तरीही जुळते. यंत्र हिरवी खूण देते. अशी चूक नियमाला दिसत नाही, कारण नियमाला फक्त कागद दिसतो. संगणकशास्त्रात याला दोन स्वतंत्र नावे आहेत: प्रतिमान नियमांशी सुसंगत आहे काय, हे एक. ते जगाशी सुसंगत आहे काय, हे दुसरे. पहिले यंत्र तपासते. दुसरे तपासायला ती जमीन कसणारा माणूस लागतो.

२६/
महाराष्ट्राने २०१७ मध्ये त्यासाठी जो उपाय योजला तो कोणत्याही प्रमाणग्रंथात नाही: चावडी वाचन. संगणकीकृत सात-बारा गावासमोर मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी ऐकायचे, हस्तलिखिताशी ताडून पाहायचे आणि आक्षेप असेल तर तेथेच नोंदवायचा. उपक्रम सर्वत्र सारख्याच मनोभावे पार पडला असे म्हणता येणार नाही. पुण्या-मुंबईला राहणारा वारसदार त्या दिवशी चावडीत नव्हता, आणि जो होता त्याने आपल्या गटापुरते कान दिले. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सात-बारे मिळू लागले. स्वाक्षरी सांगते की हा कागद कचेरीचाच आहे आणि वाटेत कोणी बदललेला नाही. त्यातले नाव बरोबर आहे की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. तो चुकला असेल तर आजही त्याच वाटेने जावे लागते: अर्ज, नोटीस, सुनावणी आणि नवा फेरफार.